अळणी डबा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या भुवयांवर मीठ होतं, आणि मला डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. दवाखान्यातून सुटून कामावर रुजू होण्याचा माझा तो पहिलाच दिवस. वेफर्सच्या कारखान्याच्या जिन्यावर मी कठडा धरून एकेक पायरी चढत होते आणि हा खांद्यावर मिठाचं पोतं घेऊन धडाधड खाली येत होता. मला बघून तो घाईघाईने भिंतीला चिकटला, तसं पोत्यातलं मूठभर मीठ त्याच्याच डोक्यावर सांडलं.

"तुम्ही आधी जा मॅडम... मला घाई नाही," तो म्हणाला.

घाई नसलेला माणूस इतका धापा टाकत नाही, असं त्याला ऐकवून मी वर गेले. वर जाऊन हसले मात्र. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

माझं काम चाखण्याचं. तळलेला प्रत्येक घाणा पाकिटात भरण्याआधी वाटीतून माझ्यासमोर यायचा. एक चकती चावायची, भांड्यात थुंकायची, पाणी प्यायचं आणि सांगायचं — पास की परत. मीठ मोजणारं यंत्र होतं, पण शेवटचा शब्द माझा. नऊ वर्षांत माझ्या जिभेची एकही चूक निघाली नव्हती. सगळा कारखाना मला जीभताई म्हणायचा. हा मिठवाला तेवढा मॅडम म्हणायचा. मी आजारी असताना नवीन लागला होता, बुजत असेल, असं मी धरून चालले.

आजारात माझी मूत्रपिंडं जाता जाता राहिली होती. चाखून थुंकायला हरकत नाही, पण मीठ पोटात गेलं तर पुढच्या वेळी त्यांच्याही हातात काही नसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने मिठाची बरणी कपाटात बंद केली होती आणि किल्ली गळ्यात घालून ती घरभर हिंडायची. ती अळणी भाजी नुसती ताटात बघून मी रडले आहे.

कामावरच्या पहिल्याच आठवड्यात मी सहा घाणे खारट म्हणून परत पाठवले. मीठ मिसळण्याचं काम याचं, त्यामुळे बोलणी यालाच बसली. सातव्या वेळी तो स्वतः वर आला आणि त्याने वजनाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मिठाचं माप अगदी बरोबर होतं. काटा बिघडला असेल, मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही. खाली जाऊन नमुन्यांच्या कपाटातलं एक जुनं पाकीट घेऊन आला. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट आम्ही सहा महिने जपून ठेवतो. याच्यावर माझ्या आजाराआधीची तारीख होती, ‘पास’ असा शेरा होता आणि खाली माझीच सही.

मी एक चकती तोंडात टाकली. खारट. जीभ चरचरेल इतकी खारट.

म्हणजे काटा ठीक होता. अळणी खाऊन खाऊन माझीच जीभ इतकी हळवी झाली होती, की तिला साधं मीठही सोसेना. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. साहेबांना मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा, पण फार उशीर करू नका, एवढं बोलून तो गेला.

मी नाही सांगितलं. जीभ गेली तर जीभताईत उरतं काय? मी अंदाजाने घाणे पास करायला लागले, आणि जीभ पुन्हा सरावावी म्हणून चकत्या थुंकायच्या सोडून गिळायला लागले. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी तो वाटी न्यायला आला आणि थुंकायच्या भांड्याकडे बघत उभा राहिला. भांडं कोरडं होतं.

"खुर्ची दुसरी मिळेल, मॅडम," तो हळूच म्हणाला. "तुम्ही दुसऱ्या कुठून आणायच्या?"

मला रडू फुटणार होतं, म्हणून मी चिडले. तुझं काय जातंय बोलायला, घरी जाऊन चमचमीत जेवणार, एक दिवस अळणी खाऊन बघ आणि मग मला शिकव, असं बरंच काही बोलले. तो मान खाली घालून निघून गेला. पण त्यानंतर एकही चकती माझ्या घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या खोलीत हजर. खाली फार उकडतं म्हणे. मग रोजच उकडायला लागलं, बाहेर पाऊस असला तरी. खिडकीशी दोन स्टुलं, दोन डबे. तो डब्याचं झाकण आडवं धरून जेवायचा आणि मला कधी घासभरही देत नसे. मला मोह नको म्हणून असेल, मी समजून घेतलं. मसाल्यांत वावरणारा माणूस तो, त्याला जिभेच्या खोड्या ठाऊक होत्या. लिंबू पिळलं की जिभेला मिठाची आठवण राहत नाही, जिरं कोरडं भाजून वर भुरभुरावं, असं काय काय सांगायचा. आईने डॉक्टरांना विचारून तसं केलं, आणि त्या रात्री मी भाजी पुन्हा मागून घेतली. आईचे डोळे भरून आले. कोण गं हा मिठवाला, तिने पदराने डोळे पुसत विचारलं, आणि मी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला.

सहा आठवडे असे गेले. मला सकाळपासूनच त्या अर्ध्या तासाचे वेध लागायचे. आणि जो माणूस आपल्याशी इतकं खरं वागतो, त्याच्या देखत रोज खोटे शेरे लिहायचे, हे मला झेपेना. एका सकाळी मी साहेबांसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ताज्या घाण्याची वाटी मागवली. वाटी घेऊन आला तो हाच. मी चाखून खारट म्हटलं. यंत्र म्हणालं, मीठ बरोबर आहे. साहेबांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. तू खाऊन सांग, म्हणाले, तुझी जीभ आपली साधी आहे.

त्याने चकती तोंडात टाकली. त्याचा चेहरा आक्रसला.

"खारटच आहे साहेब," तो म्हणाला... आणि त्याने जीभ चावली.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग यंत्राकडे. मी मात्र मनाने त्या डब्याच्या आडव्या धरलेल्या झाकणापाशी पोचले होते.

माझी खुर्ची गेली. दोन नव्या मुलींना चाखायला शिकवायचं काम मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी मला दुसरीच घाई होती. मी त्याला जिन्यावर गाठलं. भुवया आजही पांढऱ्या होत्या.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, एक दिवस खाऊन बघ... खाल्लं. दुसऱ्या घासालाच रडू आलं. मग वाटलं, तुम्ही हे रोज एकट्याने..."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खाऊ दिलं नसतं."

खरं होतं. मी एक पायरी खाली उतरले.

"सगळे मला ताई म्हणतात. तू एकदाही म्हणाला नाहीस."

त्याचे कान लाल झाले. "एकदा ताई म्हटलं की... मागे घेता येत नाही, मॅडम."

"मॅडमही म्हणू नकोस. आई रविवारी जेवायला बोलावतेय. जेवण अळणी असेल हं... आणि कायम अळणीच असणार आहे."

मी रविवारबद्दल बोलत नव्हते, हे त्याला कळलं. "लिंबू असलं की झालं," तो म्हणाला.

मी हात उचलून त्याच्या भुवईवरचं मीठ बोटाने टिपलं. तसा त्याने माझा हात धरला आणि ते बोट आपल्या सदऱ्याला नीट पुसून काढलं.

"तू नको," तो म्हणाला. "तुला चालत नाही."