पापणीवर साडेसदतीस

“ताप कुणाला आलाय?” थर्मामीटर कागदी पिशवीत टाकता टाकता त्यानं विचारलं.

“कुणालाच नाही. यायला हवाय.”

त्याचा हात थांबला. कपाळावर आलेली काळीभोर बट मागे सारून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं... जरा जास्तच वेळ.

“अंड्यांना,” मी म्हटलं. “साडेसदतीस हवा. वरही नको, खालीही नको.”

“मग तापाच्या गोळ्या देऊ की नको?”

“नको. आणि चेष्टाही नको.”

कडीना या आमच्या गावात नुकताच आलेला हा औषधवाला. नाव अर्नेल, मूळचा फिलिपीन्सचा. हसला की आधी त्याचे डोळे हसायचे, मग ओठ. हे मी लक्षात ठेवायला नको होतं. पण राहिलं.

मी टॅमसिन पेंगली. आमच्या भागात पेंगलींच्या कोंबड्या कुणालाही विचारा. काळ्या कुळकुळीत, आणि उन्हात आल्या की अंगावर हिरवी झाक. आजोबांनी जन्मभर राखलेला हा वाण. प्रदर्शनात पहिल्या नंबराला मिळणाऱ्या निळ्या रिबिनींनी आमची अख्खी भिंत भरलीय आणि मला त्याचा गर्व आहे. खोटं कशाला बोलू?

पण त्या जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, कोल्ह्यानं जाळीखाली बीळ खणलं. सकाळी खुराड्यात ना कोंबडा उरला, ना कोंबडी. उरली ती फक्त स्वयंपाकघरातल्या टोपलीतली अंडी. ती उबली तर पेंगलींचा वाण राहणार, नाहीतर भिंतीवरच्या रिबिनींची धूळ झटकत बसायचं.

मी ती आजोबांच्या लाकडी पेटीत, बल्बखाली ठेवली. आई म्हणाली, “तुझ्या आजोबांचा थर्मामीटर हल्ली थापा मारतो हं. मागच्या खेपेला एकही पिल्लू धड निघालं नाही.” आईला खोटं पाडायचं म्हणून तर मी औषधाच्या दुकानात गेले होते!

दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

“तुमचा थर्मामीटर बिघडलेला आहे,” मी तो काउंटरवर आपटला. “आजोबांचा साडेसदतीस दाखवतो, आणि हा म्हणतो छत्तीस.”

त्यानं तो शांतपणे पुसला आणि स्वतःच्या जिभेखाली धरला. बीप झाल्यावर म्हणाला, “माझा ताप तर बरोबर सांगतोय. म्हणजे—”

“म्हणजे तुम्हीच बिघडलेले असाल.”

“असेल. कालपासून थोडासा.”

मी पटकन चुइंगमच्या बरणीकडे पाहायला लागले. कान का तापले, कोण जाणे. “पाहिजे तर संध्याकाळी घरी येऊन बघा,” एवढंच म्हटलं.

तो आला. पेटीतून एक अंडं अलगद उचललं, चेहऱ्याजवळ नेलं, आणि माझ्याकडे बघत... एक डोळा मिटला!

“ओ! डोळा काय मारताय?”

“मारत नाहीये, मोजतोय.” मिटलेल्या पापणीवर त्यानं अंडं टेकवलं. “माझ्या आजीनं जन्मभर बदकं उबवली. घरात थर्मामीटर नव्हता. पापणीची कातडी पातळ असते, तिला सगळं कळतं.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “गार आहे.”

“पेंगलींच्या घरात उभं राहून पेंगलींच्या अंड्याला गार म्हणता?”

“तुमच्या आजोबांना काही म्हणत नाहीये. त्यांच्या थर्मामीटरला म्हणतोय.”

“दार तिकडे आहे.”

तो निमूट निघाला. उंबऱ्यात थांबून मात्र म्हणालाच, “बल्ब थोडा खाली घ्या. रागावून घेतलात तरी चालेल.”

तो गेल्यावर मी बल्ब खाली घेतला. रागावूनच! आणि आजोबांचा थर्मामीटर रिबिनींच्या शेजारी खिळ्याला टांगून टाकला. म्हातारपणी माणसाला विश्रांती देतोच की आपण.

पुढच्या आठवड्यात मी डोकेदुखीची गोळी आणायला दोनदा गेले. डोकं दुखत नव्हतं.

मग वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा वारा सुटला. भट्टीचं दार उघडावं तसा गव्हाच्या मोकळ्या रानांवरून तो गावात शिरला. त्रेचाळीस अंश! भरदुपारी वीज गेली. आई गावात अडकलेली, घरात मी एकटी. बल्ब विझला, पण पेटीतला आकडा उतरायचं नाव घेईना. खोलीच तापली होती ना! चाळीस... आणि वरच. अंडं गारठा थोडा वेळ सोसतं, पण उकाडा सोसत नाही. ओलं फडकं कुठे टाकू, पेटी कुठे नेऊ, काही सुचेना. आतापर्यंत मी रडले नव्हते, आता रडणारच होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अर्नेल! घामानं निथळत, छातीशी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या कवटाळून.

“वीज गेली! अंडी गार पडतील—”

मला हसू फुटलं. रडू यायचं तिथं हसू आलं. “अहो शहाणे, बाहेर त्रेचाळीस आहे! गार कसली पडतात, शिजतायत!”

तो कानापर्यंत लाल झाला. “आमच्याकडे वीज गेली की पाऊस असतो...” पुटपुटला. “मग आता काय?”

“तळघर आहे. पण ते फारच गार—” आणि माझी नजर त्या पिशव्यांवर खिळली. “अर्नेल, त्या टाकू नकोस! इकडे दे!”

पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं होतं. माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं, कारण त्याचे डोळे हसले.

तापलेल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं, तेच आम्ही पिशव्यांत भरलं. बिअर गार ठेवायच्या आइसबॉक्समध्ये पिशव्या, वर टॉवेल, टॉवेलवर अंडी, आणि सगळी वरात तळघरात. पण गडबडीत दुकानातला थर्मामीटर पायऱ्यांवर पडला आणि फुटला.

“आता?” मी विचारलं.

“डोळे मीट.”

मीही त्याचं ‘मीट’ ऐकलं, बरं का. पापणीवर काहीतरी गुळगुळीत टेकलं. त्याचा श्वास माझ्या गालावर येत होता.

“कसं वाटतंय?”

“ऊबदार... पण पोळत नाही.”

“बस. हेच साडेसदतीस.”

सगळी दुपार आम्ही पाणी बदलत राहिलो. एक अंडं त्याच्या पापणीला, एक माझ्या. मध्ये मांस-बटाटा भरलेली एक पेस्टी अर्धी अर्धी खाल्ली.

“बल्ब खाली घेतला होतास?” त्यानं विचारलं.

“रागावून.”

“छान. मला वाटलंच होतं.”

संध्याकाळी वीज आली. पण आत जीव उरलाय की नाही, हे कोण सांगणार? त्यानंतरचे दिवस मी पेटीपाशी नुसती घिरट्या घालत होते.

ज्या सकाळी पहिल्या अंड्याचा टवका उडाल्याचं मी फोनवर सांगितलं, त्या सकाळी दहा वाजताच दुकानावर पाटी लागली, ‘जेवायला गेलो आहे’. “तुझा औषधवाला दहाला जेवतो होय?” आई म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

सगळी नाही फुटली. काही अंडी गप्पच राहिली. पण एकातून ओलं, काळं, कुरूप, कलकलाट करणारं पिल्लू बाहेर आलं, त्यामागून दुसरं, आणि दुपारपर्यंत पेटी नुसती काळी झाली! माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आजोबांचा वाण कोल्ह्याच्या तोंडातून मी परत आणला होता. एकटीनं नाही, हेही म्हणताना मला कमीपणा वाटला नाही. उलट जास्तच अभिमान वाटला.

“ही पेंगलींची कोंबडी,” सुकून गोंडा झालेलं पिल्लू तळव्यावर घेऊन मी म्हटलं.

“अर्धी माझ्या आजीची.”

“पाव.”

“चालेल. डोळे मीट बघू.”

मी मिटले. एका पापणीवर मऊ, धडधडणारं पिल्लू टेकलं. आणि दुसऱ्या पापणीवर जे टेकलं... ते पिल्लू नव्हतं.

“साडेसदतीस,” तो कुजबुजला.

“तुझा थर्मामीटर खरंच बिघडलाय,” मी डोळे न उघडताच म्हटलं. “जास्त आहे. पुन्हा मोज.”