सातवा पट्टा

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या बाबतीत ती घडली, तो वेइयो फिन्निश माणूस आहे. थाप मारायची म्हणजे चार वाक्यं जास्तीची बोलावी लागतात. तेवढी वेइयो अख्ख्या हिवाळ्यात बोलत नाही.

तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, वरच्या बाकावर घाम गाळत, त्याने मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. चोवीस डिसेंबरची दुपार होती.

आता, डिसेंबरात हेलसिंकीच्या दुपारी काळोख असतो, त्याला कोण काय करणार?

वेइयो विमानतळावर बर्फ काढायची गाडी चालवतो. पुढे लांबलचक लोखंडी पातं, मागे गरगर फिरणारा ब्रश. अशा सहा गाड्या तिरक्या रांगेत धावपट्टीवर निघतात. पहिली आपला बर्फ दुसरीच्या वाटेत ढकलते, दुसरी तिसरीच्या. शेवटची तो सगळा ढीग पट्टीच्या कडेबाहेर फेकते. वादळात बाकी काही दिसत नाही. पुढच्या गाडीचा लाल दिवा बघायचा आणि चालत राहायचं.

नियम एकच. पट्टीवरून बाहेर पडलं की शेवटच्याने आरशात बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं...

"शेवटची गाडी बाहेर. माझ्या मागे कोणी नाही."

हे ऐकल्याशिवाय टॉवर विमान उतरू देत नाही.

कित्येक वर्षं हे वाक्य ओइवा म्हणायचा. एकटा माणूस. बोलायला वेइयोपेक्षाही कंजूष. कोणी काही विचारलं तर वायरलेसचं बटण दोनदा दाबायचा. टक-टक. म्हणजे 'ऐकलं.' गाडीला उजवीकडे त्याने स्वतः एक पिवळा दिवा बसवून घेतला होता. पांढऱ्या उजेडात बर्फात नुसता बर्फच दिसतो, असं त्याचं म्हणणं.

त्याच वर्षी वसंतात ओइवा गेला. झोपेतच. गाडीही जुनी झालेली, ती भंगारात गेली.

शेवटची जागा वेइयोकडे आली.

चोवीस तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, अंधार पडायच्या आत इथे प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती लागते. ओइवासाठी टोळीने वर्गणी काढून एक मेणबत्ती आणली होती. मोठी, झाकणवाली. ती घेऊन कोण जाणार, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल.

मेणबत्ती गाड्यांच्या शेडमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी तशीच राहिली.

वेइयोचं तिकडे लक्ष असणं शक्यच नव्हतं. त्याची बायको हेल्का हॉस्पिटलात होती. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "आजचा दिवस. फार तर."

मुलगी रीक्का ब्रसेल्सला. मिळेल त्या विमानाने निघाली होती.

वेइयो पलंगाशी बसून होता. बाहेर बर्फाचं वादळ सुरू झालं. हेल्काने डोळे उघडले.

"तू इथे काय करतोयस?"

"बसलोय."

"ते दिसतंय. मग पट्टी कोण साफ करतंय?"

"आहेत बाकीचे."

"बाकीच्यांची पोरगी नाहीये त्या विमानात. ऊठ. तू इथे माझा हात धरून बसलास तर ती काय उडी मारून येणार आहे? जा, तिला उतरव. मी कुठे जात नाही तोवर."

वेइयो उठला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस वाद घालत नाही.

टोळीची म्होरकी तुइया. पहिल्या गाडीत ती. त्याला बघून म्हणाली, "तुला कोणी बोलावलं होतं का रे?"

"हेल्काने पाठवलं."

"मग बस गाडीत."

सहा गाड्या निघाल्या.

बर्फ आडवा येत होता. काचेपलीकडे नुसता पांढरा अंधार. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसायचा, विझायचा, पुन्हा दिसायचा.

तुइयाचा आवाज आला. "पोरांनो, ब्रसेल्सचं विमान वर घिरट्या घालतंय. कप्तान म्हणतो, या फेरीनंतर पट्टी मिळाली तर ठीक, नाहीतर ताम्पेरेच्या विमानतळावर जाणार. पाय जोरात दाबा. वेइयो, ऐकलंस?"

वेइयोने बटणाकडे हात नेला.

त्याच्या आधीच...

टक-टक.



"कोण खेळतंय रे बटणाशी?" तुइया ओरडली. "सणाची दारू शेडमध्ये प्यायची ठरली होती ना?"

"मी नाही."

"मी पण नाही."

"माझा हात तर स्टिअरिंगवर आहे बाई."

वेइयोने बटणापासून हात मागे घेतला.

त्याने आरशात बघितलं.

मागे, थोडा बाजूला... उजेड होता.

दोन दिवे. एक पांढरा.

एक पिवळा.

आपलाच उजेड बर्फावर उलटत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने वेग कमी केला. मागचे दिवे हळू झाले. त्याने वेग वाढवला. मागचे दिवे तेवढेच अंतर ठेवून आले, रांगेत चालणाऱ्या गाडीसारखे.

पण त्याच्या मागे, बाजूला, पट्टीच नव्हती. तिथे गवत होतं, आणि त्यावर त्यानेच फेकलेला कमरेएवढा बर्फ.

"तुइया," तो म्हणाला, "आपण किती जण आहोत?"

"सहा. शाळेत गेला नव्हतास का? का रे?"

"काही नाही."

पट्टीचं टोक आलं. एकेक गाडी वळून बाहेर पडली. वेइयोही वळला आणि थांबला. आता आरशात बघायचं आणि वाक्य म्हणायचं.

मागचे दिवे वळले नव्हते.

ते तिथेच उभे होते. पट्टीच्या कडेला... का पट्टीवरच... बर्फात कळत नव्हतं.

"वेइयो. शेवटची गाडी?"

वर कुठेतरी रीक्का पट्टा बांधून बसली होती. चार शब्द म्हटले की ती खाली. तासाभरात आईपाशी.

"वेइयो! टॉवर विचारतंय. अरे, तुझीच पोरगी वर आहे, माझी नाही!"

त्याने डोळे मिटले. उघडले.

पिवळा दिवा तसाच.

तिथे खरंच एखादी गाडी उभी असली तर? विमानात रीक्का एकटी नव्हती. शे-दीडशे माणसं होती.

"माझ्या मागे..." तो म्हणाला.

"हं?"

"माझ्या मागे कोणीतरी आहे."

मग तुइयाने एकही प्रश्न न विचारता टॉवरला सांगितलं, पट्टी मोकळी नाही.

डोक्यावरून विमानाचा आवाज आला. जवळ आला. मोठा झाला.

आणि उत्तरेकडे निघून गेला.

तुइया आणि वेइयो दोघं बॅटरी घेऊन माघारी गेले. गाडी नव्हती. दिवे नव्हते. माणूस नव्हता.

पण पट्टीच्या कडेला, जिथे वेइयोने फेकलेल्या बर्फाचा ढीग हवा होता, तिथे... ढीग नव्हता.

एका गाडीच्या रुंदीचा साफ पट्टा. खाली गवत दिसत होतं. ब्रशच्या रेघा दिसत होत्या. कडेचे दिवे अगदी त्याच्या काठावर, एकही न तुटलेला. पट्टा तिथवर आला होता आणि थांबला होता. पुढे जाणाऱ्या खुणा नाहीत. परत वळलेल्याही नाहीत.

तुइयाने बॅटरी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरवली.

"गाड्या सहा," ती म्हणाली. "पट्टे सात."

त्यांच्या डोळ्यांदेखत बर्फ त्यावर पडत होता. पाठोपाठ गस्तीची गाडी आली, तोवर तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेडमध्ये परतल्यावर तुइयाने कोट काढलाच नाही. कॉफीच्या मशीनशेजारची मेणबत्ती उचलली आणि कोणाला काही न सांगता दफनभूमीच्या दिशेने निघून गेली.

वेइयो हॉस्पिटलात पोचला, तेव्हा हेल्का जागी होती.

रीक्काची टॅक्सी ताम्पेरेहून वादळात रखडत पोचली, तेव्हा नव्हती.

दोन दिवसांनी बापलेक स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर सणाचं जेवण कोणी लावलंही नव्हतं, त्यामुळे आवरायचाही प्रश्न नव्हता.

"बाबा, आईने विचारलं का, मी कुठे आहे?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"पोचतेच आहे म्हणून."

रीक्का कपाकडे बघत राहिली. "आणि पट्टीवर... नक्की काही होतं?"

"होतं."

"काय?"

वेइयोने तिच्या कपात कॉफी ओतली.

ओइवाने त्या दिवशी विमान वाचवलं, की त्याला नुसती सोबत हवी होती, की मेणबत्तीचा राग होता, हे वेइयोला आजही ठरवता आलेलं नाही. वाचवलं म्हणावं तर कशापासून, ते कधी सापडलं नाही. त्याने नुसतं एका बाईला तिच्या मुलीचं तोंड बघू दिलं नाही, असं म्हणावं, तर ओइवा तसा माणूस नव्हता.

तुइयाने त्याला पुढची जागा देऊ केली. त्याने घेतली नाही. तो अजून शेवटचाच असतो.

सौनात मी त्याला विचारलं, "आता दिसतं का रे काही?"

वेइयोने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ चढली. त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"टक-टक येते," वाफेतून आवाज आला. "बर्फ पडत असला की."

"आणि आरशात?"

"आरशात मी बघत नाही."

"मग ते वाक्य?"

"म्हणतो."

गेल्या महिन्यात मी बाहेरगावाहून परत येत होतो. हेलसिंकीवर बर्फ पडत होता. विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिलं, मग उतरायला लागलं. म्हणजे खाली कोणीतरी ते वाक्य म्हटलं होतं.

खाली पिवळा दिवा दिसायला नको, म्हणून मी खिडकीचा पडदा खाली ओढला. हवाईसुंदरी येऊन गोड आवाजात म्हणाली, उतरताना पडदा उघडा ठेवायचा असतो.

तिने पडदा वर केला.

मी डोळे मिटून घेतले.