टाक दुरुस्तीला दिला त्या दिवशी

दीपश्रीला त्या दिवशी तीनच गोष्टी हव्या होत्या. हिरवी इरकल साडी, हुबळीच्या खानावळीतलं तिखटजाळ जेवण आणि गळ्यात मेधा नसलेला एक दिवस. पहिल्या दोन तिनं हल्याळहून निघतानाच नवऱ्याला सांगून ठेवल्या होत्या. तिसरी कुठल्या तोंडानं सांगणार?

मेधा म्हणजे तिच्या नवऱ्याची, संजीवची, पहिली बायको. सातव्या महिन्यात गेली, डोहाळजेवण चार दिवसांवर आलं असताना. त्यासाठी आणलेली हिरवी साडी कपाटात तशीच राहिली होती. सासूबाईंनी ती घडी चितेवर उलगडली. पुढं दोन वर्षांनी दीपश्री त्या घरात आली आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक घातला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभ्या बाईची आकृती, काळ्या गोफात ओवलेली. बिजवराशी लग्न झालेल्या बाईनं तो घालायचा असतो आणि घरात नवं जे काही येईल ते आधी त्या टाकाला द्यायचं असतं.

दीपश्री बी.एस्सी. झालेली, हल्याळच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण सासूबाईंशी रोज कोण डोकं लावणार? तीन वर्षं ती निमूट करत आली. नव्या साडीच्या पदराला कुंकवाचं बोट लावायचं, पदर टाकाला टेकवायचा, "मेधाताई, आधी तुम्ही" म्हणायचं आणि मग आपण घडी मोडायची. पानातला पहिला घाससुद्धा टाकाला दाखवूनच तोंडात जायचा. आपल्या संसारात आपण कायम दुसऱ्या पंगतीला बसलोय, असं तिला वाटायचं आणि त्याचा तिला मनस्वी राग होता.

आता तिला सहावा सरत आला होता. पोटातलं पोर एक नंबरचं उनाड, दिवसभर ढुशा. तशात आठवड्यापूर्वी टाकाची कडी झिजून तुटली; तेव्हापासून तो दोऱ्यानं गोफाला बांधलेला होता. धारवाडला सुभाष रोडच्या आतल्या गल्लीत गोविंद सराफ म्हणून म्हातारे कारागीर आहेत, हा टाक त्यांनीच घडवलेला. सासूबाईंनी बजावून पाठवलं, "आधी कडी लावून घ्या, मगच खरेदी. टाक अंगावर नसताना नवं काही घ्यायचं नाही. कळलं का?"

कळलं होतं की. पण साडेनऊला दुकान गाठलं तर सराफ म्हणाले, "हातात दोन कामं आहेत, अक्का. संध्याकाळी सहाला या. एकदम पक्की करून ठेवतो."

संजीवनं बायकोकडं बघितलं. "मग उद्या येऊ या का परत खरेदीला?"

"अहो, तास-दीड तास बसचे धक्के खाऊन आलोय. परत कोण येतंय? संध्याकाळी साडी टाकाला टेकवली की झालं." हे बोलताना ती मनातून इतकी खूश झाली होती की तिची तिलाच लाज वाटली. गोफ काढून दिला आणि गळ्याला वारा लागला.

दोघं चिगरी नावाच्या जलद बसनं हुबळीला गेली. एसीत बसून ती खिडकीबाहेर बघत होती, पोर आत धुडगूस घालत होतं, संजीव कधी नव्हे तो विनोद करत होता. असा दिवस तीन वर्षांत आला नव्हता.

साडीचं दुकान दुर्गदबैल बाजाराजवळ, दुमजली. गादीवर बसलेला विक्रेता, सतीश त्याचं नाव, तोंडाचा पट्टा न थांबवता साड्या फेकत होता. दीपश्रीला एक हिरवी आवडली, तांबड्या काठाची. त्यानं ती उलगडली आणि बोलता बोलता थांबला. पदराच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं.

"अरे! कुणी लावलं हे?" तो ओशाळला. "थांबा अक्का, दुसरी देतो. सकाळीच गठ्ठा फोडलाय."

दुसरीलाही त्याच कोपऱ्यात बोट. तिसरीला, चौथीलाही. घड्यासुद्धा विसकटलेल्या, कुणीतरी दिवसभर नेसून सोडल्यासारख्या. सतीश घामाघूम झाला, मालकाला हाक मारू लागला. संजीव हळूच म्हणाला, "दीपा, राहू दे. दुसरा रंग बघ."

"का म्हणून? डोहाळजेवणाला हिरवीच नेसतात." तिचा आवाज चढला. गोदामात कुणाचा तरी हात लागला असेल, एवढी साधी गोष्ट. तिनं पाचवी साडी सीलबंद पिशवीतून स्वतःच्या हातानं काढली, इंच न् इंच तपासली. कोरी होती. मग तिच्या मनानं एकदम उचल खाल्ली. "ही मी नेसूनच जाते."

"फॉल-पिको नाही केलेलं, अक्का," सतीश म्हणाला.

"नसू दे."

दुकानाच्या आडोशाच्या खोलीत तिनं घडी मोडली. लग्नानंतर पहिल्यांदा एका साडीची घडी तिनं एकटीनं मोडली होती. आरशात ती छान दिसत होती. पोटावरून हिरवा रंग कसा गोल उतरत होता! तिनं स्वतःशीच म्हटलं, आज आधी मी.

खानावळीत एकच्या सुमाराला जागा मिळाली. कडक रोटी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दह्याची वाटी. संजीवचं पहिल्याच घासाला नाक वाहू लागलं. "अगं, आग आहे नुसती!"

दीपश्रीनं घास घेतला. मग दुसरा. तिनं चटणी नुसतीच बोटानं चाटली, हिरवी मिरची दातांनी तोडली. मीठ नाही, तिखट नाही, काहीच नाही. जेवण गरम होतं, मऊ होतं आणि त्याची चव आधीच कुणीतरी काढून घेतली होती.

"तुमच्या ताटातलं द्या बघू." त्याच्या ताटातली एणगाई तिच्या जिभेवर आली आणि तिथंच फिकी पडली. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "बेकेनरी अक्का? आणखी वाढू?" दीपश्रीनं मानेनंच नको म्हटलं. गरोदरपणी जिभेचं असं होतं, तिनं वाचलं होतं. तिनं तसं नवऱ्यालाही सांगितलं आणि घास पाण्याबरोबर गिळले.

उणकलच्या तळ्याकाठी ती दोघं तीनला पोचली. ऊन होतं, पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता, होड्यांचा ठेकेदार छत्रीखाली पेंगत होता. संजीव तिचे फोटो काढायला लागला. "हात पोटावर ठेव की. हां, अशी."

तिनं हात ठेवला आणि तिच्या ध्यानात आलं की साडी नेसल्यापासून पोर हललेलं नाही.

दीपश्री घाबरणारी बाई नव्हती. काय करायचं तिला पाठ होतं. गार पाणी प्यायली. सकाळी धारवाडला घेतलेल्या पेढ्यांचा पुडा फोडून दोन पेढे खाल्ले; तोंडात नुसती माती घोळली. बाकावर डाव्या कुशीवर पडून ती घड्याळाकडं बघत मोजायला लागली. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास. बोटांनी पोट दाबलं, थोपटलं. "ए सोन्या, हल ना रे," ती म्हणाली. पोटात शांत होतं.

पदरानं घाम टिपताना तिला बोटाला ओल लागली. पदराच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. ओलं होतं.

"अहो," ती उठून बसली, "आपण नवं काय काय आणलं की आधी तिला द्यायचं असतं?"

"कुणाला?"

"काय काय द्यायचं असतं, सांगा ना!"

संजीवचा चेहरा उतरला. घरात येणारं सगळ्यात नवं तिच्या पोटात होतं, हे त्याला समजलं. "आधी डॉक्टरकडं जाऊ," तो म्हणाला. "इथं हुबळीतच दाखवू. आत्ताच्या आत्ता."

"आधी टाक. तो गळ्यात घालते, तिची माफी मागते, साडी तिला देऊन टाकते. मग डॉक्टर."

"दीपा, तू लॅबमध्ये काम करतेस. वेड्यासारखं काय बोलतेस?"

"आधी टाक!" ती ओरडली. ठेकेदार जागा होऊन बघायला लागला.

बसमध्ये तिनं दोन्ही हात पोटावरून काढले नाहीत. तिला स्वतःची चीड येत होती. सकाळी गळ्याला वारा लागला तेव्हा किती गार वाटलं होतं! धारवाडपर्यंत ती एकच वाक्य पुटपुटत राहिली. मेधाताई, आधी तुम्ही. मेधाताई, आधी तुम्ही. शेजारी बसलेला तिचा नवरा खिडकीबाहेर बघत रडत होता.

पावणेसहाला सुभाष रोडच्या गल्लीत दिवे लागत होते. गोविंद सराफ चष्मा पुसत हसले.

"बर्री, या अक्का, बसा. आता बरं वाटतंय ना?"

"आता म्हणजे?" संजीवनं विचारलं.

"दुपारी अक्का आल्या होत्या तेव्हा उभं राहवत नव्हतं त्यांना. एक वाजला असेल. हीच साडी. मी स्टूल दिलं बसायला. पोर लाथा मारून मारून बसू देत नाही म्हणाल्या. हसत होत्या. माझ्या बायकोला आतून बोलावलं, तिनंही हात लावून बघितलं. म्हणाली, मुलगा आहे."

एक वाजता दीपश्री हुबळीच्या खानावळीत फिके घास गिळत होती.

तिनं हात पुढं केला.

सराफांनी लाल कागदाची पुडी सोडली. काळ्या गोफात टाक होता, नवी कडी चमकत होती. त्याच्या शेजारी दुसरा टाक होता. कोरा, लखलखीत. त्यावरच्या बाईचं पोट पुढं आलेलं होतं.

"हा... हा कुणाचा?" संजीव म्हणाला.

"अक्कांनीच सांगितला की करायला." सराफ गोंधळून दोघांकडं बघू लागले. "समोर बसून करून घेतला. फार दिवस नाहीत म्हणाल्या, आजच हवा."

दीपश्रीनं नवा टाक तळहातावर घेतला. त्याला वजनच नव्हतं.

"हलकाच केलाय," सराफ म्हणाले. "तसंच सांगितलं होतं ना तुम्ही? पुढच्या बाईला दोन घालायचेत, गळ्याला जड नकोत म्हणून."