सहावी टोपी

शिटीमास्तर शिडीवर चढण्याआधी टोप्या मोजायचा आणि उतरल्यावर पुन्हा मोजायचा.

हे नाव त्याला दोस्तांनी ठेवलेलं. लोकांच्या छतांना स्मोक डिटेक्टर बसवायचे, बटण दाबून ते किंचाळतात का बघायचं, वर्षातून एकदा जाऊन धूळ झाडायची, बॅटरी बदलायची, हा त्याचा पंचवीस वर्षांचा धंदा. नवा डिटेक्टर नारिंगी प्लास्टिकची टोपी घालून येतो. छताला भोकं पाडताना भुगा उडतो, तो आत जाऊ नये म्हणून. काम झालं की टोपी काढायची. काढायची विसरलात तर गंमत बघा. बटण दाबलं की डिटेक्टर झकास बोंबलतो, दिवाही लुकलुकतो, फक्त धूर काही त्याला कळत नाही. नाकात बोळे घालून उभा केलेला राखणदार!

"दुनिया टोपी घालते, मी काढतो," असं शिटीमास्तर हसत सांगायचा.

मोजताना मात्र हसायचा नाही. तीन वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका म्हातारीच्या घरी त्याने सहा डिटेक्टर बसवले. घरी येऊन खिसा उलटा केला, तर टोप्या पाचच. माघारी जायचं म्हणजे पाऊण तासाची रपेट. बायकोने पाण्याचा तांब्या हातात दिला, तो घटाघटा प्याला आणि स्वतःशीच म्हणाला, "उद्या बघू." उद्याचा परवा झाला. तिसऱ्या दिवशी म्हातारीच्या खोलीत आग लागली. म्हातारी झोपेतून उठलीच नाही. चौकशीवाल्यांना तो म्हणाला, "बॅटरी उतरली असेल." त्यांनी तसंच लिहून घेतलं. खरं काय ते त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, त्याच्या स्वतःच्या घरात एकही डिटेक्टर नव्हता. बायकोने विषय काढला की तो नाकावर बोट ठेवायचा. "मला कशाला हवा? हे काय शोभेला आहे?" नाक तिखट होतं खरं. एकदा चार घरं पलीकडे इस्त्रीखाली सदरा करपला, तर याने इथे बसून सदऱ्याचा रंग सांगितला. रंगाचं तुम्ही नका मानू हवं तर, पण नाकाचं माना.

तर त्या दुपारी त्याला एका नव्या घरी बोलावलं होतं. दोन मजली, अरुंद घर. दार एका पन्नाशीच्या माणसाने उघडलं. मागे त्याची बहीण उभी होती, तशीच उंच, तशीच कोरडी.

"शिडी भिंतीला टेकवायची नाही," बहीण म्हणाली.

"ताई, शिडी आहे ती. टेकणारच कुठेतरी."

"आणि मला ताई म्हणायचं नाही."

या म्हणणं नाही, बसा म्हणणं नाही. दोघं त्याच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरत राहिली. तो वर चढला की शिडीच्या दोन बाजूंना दोघं, माना वर करून. पहिला डिटेक्टर दिवाणखान्यात बसला. शिटीमास्तरने टोपी काढून डाव्या खिशात टाकली.

"एक," खालून भाऊ म्हणाला.

शिटीमास्तरने खाली पाहिलं. "तुम्ही मोजताय?"

"का? तुम्ही मोजत नाही?"

स्वयंपाकघराच्या दारावर दुसरा. "दोन." जिन्याखाली तिसरा. "तीन." स्क्रू दोनदा त्याच्या हातातून निसटला. बहिणीने तो उचलून दिला नाही. नुसती बघत राहिली.

वर दोन खोल्यांत दोन झाले. "चार." "पाच." उरली शेवटची खोली. तिचं दार उघडलं आणि शिटीमास्तरचं नाक ताठ झालं. भिंती ताज्या रंगवलेल्या, फरशी लख्ख, आणि वास मात्र जळलेल्या लाकडावर पाणी ओतल्याचा. जुना वास नव्हे, आत्ताचा. कोपऱ्यात शिवणयंत्र होतं. त्याच्या फळीची एक बाजू जळून कोळसा झाली होती.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं.

"आईचं," भाऊ म्हणाला. "तेवढंच उरलं."

बहिणीने जळक्या फळीवरून बोट फिरवलं.

"तिच्याकडेही होते डिटेक्टर," बहीण म्हणाली. "सहा. बॅटरी उतरली होती म्हणे. उतरते का हो अशी?"

आता इथे, ऐकणाऱ्यांनो, त्याला वाट मोकळी होती. दोन वाक्यांचं काम. त्याचे ओठ उघडलेसुद्धा. पण माणसाची जीभ रुळलेल्या वाटेनेच जाते.

"उतरते," तो म्हणाला. "कधी कधी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रागाने नाही. काम संपत आल्यावर गवंडी बघतात तसं.

तो शिडीवर चढला. भोकं पाडली, प्लेट बसवली, डिटेक्टर फिरवून घट्ट केला. टोपी काढली. बोटांना तिची कड लागली, हे त्याला पक्कं आठवत होतं. खिशात टाकली, हेही.

खालून आवाज आला नाही.

"सहा म्हणा की," शिटीमास्तर म्हणाला.

"पाच."

त्याने खिशात हात घातला. पाच. खाली उतरून फरशी पाहिली, शिडीची घडी पाहिली, पिशवी झटकली, तो खिसा, हा खिसा. पाच. पुन्हा सगळ्या खोल्यांतून फिरून छतं पाहिली. सहाही डिटेक्टर उघडे.

शेवटच्या खोलीत परत आल्यावर बहिणीने कागदाची सुरळी पेटवली, फुंकून विझवली आणि धुराची रेघ छताकडे जाऊ दिली. पाच सेकंदांत एकमेकांना जोडलेले सहाही डिटेक्टर एकदम किंचाळले. काम चोख होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

"मग सहावी गेली कुठे?" तो पुटपुटला.

"असेल," भाऊ म्हणाला. "जिथे बसवायची तिथे बसली असेल."

बहीण जवळ आली. सुरळी अजून धुमसत होती. तिने ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"मघाशी तुम्हाला इथे वास येत होता ना? आता येतोय?"

त्याने हुंगलं. "नाही. गेला."

"गेला ना?" ती पहिल्यांदाच हसली. "छान झालं. या आता."

बाहेर पडल्यावर त्याला हायसं वाटलं. नाक जरा चोंदल्यासारखं झालं होतं, एवढंच. भुग्याने होतं तसं. वाटेत डांबराचं काम चाललं होतं. ओल्या डांबराच्या काठावरून तो चालत गेला, इतर लोक नाकाला रुमाल लावून का जातायत याचा विचार न करता.

निम्म्या वाटेत बायकोचा फोन आला.

"अहो, माझं डोकं ठणकतंय. गोळी घेऊन पडते. लेकही रात्रपाळी करून आलीय, मेल्यासारखी झोपलीय. गॅसवर भांडं ठेवलंय मंद आचेवर. आलात की बसा बाहेर, करपायला लागलं की बंद करा. तुमच्या नाकाच्या भरवशावर झोपतोय हं आम्ही."

"झोप निवांत," तो म्हणाला. "मी आहे."

घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. आतल्या खोलीचं दार बंद. त्याने उंबऱ्यात उभं राहून सवयीने एक लांब श्वास घेतला. काही नाही. म्हणजे भांड्याला वेळ आहे. त्याने चपला काढल्या, खुर्चीत बसला आणि टोप्या टेबलावर ओळीने मांडल्या.

एक, दोन, तीन, चार, पाच.

पुन्हा मोजल्या. घसा खवखवला. सर्दीच ही. पडसं भरल्यासारखं चेहऱ्याभोवती गोल काहीतरी आवळलं होतं, कानापासून कानापर्यंत, हनुवटीखालून. त्याने हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

आतून कुणीतरी खोकलं. मग पुन्हा खोकलं. मग शांत झालं.

झोपल्या बिचाऱ्या, त्याला वाटलं.

त्याने पुन्हा मोजल्या. टोप्या आता नीट दिसत नव्हत्या. नारिंगी रंग करडा होत चालला होता, समोरची भिंतही. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, लावला. घर धूसरच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नंबर वाढला असणार, वयच झालं. एकदा डॉक्टरला दाखवायला हवं.

"उद्या बघू," शिटीमास्तर म्हणाला, आणि त्याने काचा पुन्हा पुसल्या.