पांढरं कार्ड

भावनाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्या लेकीच्या, गुड्डीच्या पलंगावर बुटांसकट आडवा पडला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त चढवायच्या खोलीत खिडकीजवळ तेवढा एकच पलंग, आणि सहा वर्षांच्या गुड्डीला दुसरा चालत नसे. रक्तदान केल्यावर चक्कर आली, असं त्याचं म्हणणं. वरठीच्या कारखान्यात कामाला, नाव मंगेश... हे तिने विचारलंही नव्हतं. तिने दंडाला धरून उठवलं तर तो चक्क हसला, आणि तिचं डोकं जास्तच फिरलं.

पुढल्या महिन्यात गुड्डीच्या रक्त चढवायच्या तारखेला साहेब पुन्हा हजर.

"तीन महिन्यांच्या आत रक्त घेत नाहीत. मग आले कायले?"

"पलंग रिकामा आहे का, पाहाले आलो."

गुड्डी खिदळली. सिकलसेल या रक्ताच्या आजाराने हातपाय ठणकत असताना पोर हसली, म्हणून भावनाने त्याला हाकललं नाही. एवढंच कारण, असं ती स्वतःला बजावत राहिली — त्यालाही आता पाच महिने झाले.

गुड्डीने तेवढ्या दिवसांत घरचं सगळं त्याच्या कानावर घातलं होतं. तिच्या आजारपणात आईचं नर्सिंग दुसऱ्या वर्षालाच सुटलं, कॉलेज आता परत घ्यायला तयार आहे, फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. फॉर्म पिशवीत तसाच पडून होता. गुड्डीजवळ बसणार कोण? आंधळगावची आजी तर सुई पाहूनच रडायची.

या भागात हल्ली लग्न जुळवताना पत्रिकेआधी सिकलसेलचं कार्ड पाहतात. आजार असलेल्याचं लाल, आजार अंगात दडलेल्याचं पिवळं, काहीच नसलेल्याचं पांढरं. दोन पिवळी एकत्र आली, तरच लेकराच्या वाट्याला लाल येऊ शकतं. भावनाचं पिवळं होतं. नवऱ्याचंही पिवळंच, पण गुड्डीच्या आजाराचं सगळं खापर तिच्यावर फोडून तो निघून गेला होता.

आज गुड्डीच्या पलंगाशी उभं राहून मंगेशने खिशातून आपलं कार्ड काढलं आणि गुलाबाचं फूल द्यावं तसं तिच्यापुढे धरलं.

"पांढरं आहे," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "आपल्या लेकराले... हा आजार होणार नाही."

भावनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिशवीतून फॉर्म उपसला. "लेकरू आहे मले. ह्या फॉर्मवर सही कराची हिंमत होऊन नाही राहिली, अन् तुम्ही मले कार्ड दाखवून राहिले?"

त्याने कार्ड खिशात घातलं. आता हा जाणार, असं तिला वाटलं. पण त्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"करा सही. तुम्ही कॉलेजात असाल तेव्हा गुड्डीच्या तारखेले मी बसीन, शिफ्ट बदलून घेईन. लग्नाले नाही म्हटलं तरी बसीन."

"बोलाले काय जाते?" ती तणतणत बोटं मोजू लागली. "पाणी सारखं पाजा लागते. थंडी लागू द्याची नाही. ताप आला तं वाट नाही पाहाची, सिद्धा दवाखाना. अन् दुखते म्हणली तं दुखतेच, नाटक नाही करत ते. समजलं का तुले?"

तुले... बोलून गेली होती खरी. गुड्डीने तोंडावर हात ठेवला. मंगेश या वेळी हसला नाही, त्याचे डोळे भरून आले होते.

"समजलं."

भावनाने जीभ चावली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

"मग पाहून काय राहिला?" ती खेकसली. "पेन दे."