धाकटीचा डावा पाय

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू दे. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडली आहे. आणि मामा म्हणजे भुताखेतांचं सोडाच, पाठच्या भावावरही पटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. रविवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा होता.

मामा मेकॅनिक आहेत. तीस वर्षं गिअरबॉक्स आणि क्लच, दुसरं काम नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतात. गॅरेजमधले लोक त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणतात. दूधवाल्यानं मापाला दोन थेंब जास्त घातले तरी यांना प्रश्न पडतो, आज का बरं जास्त?

त्यांना दोन मुली. थोरलीचं लग्न झालंय. धाकटीला साठ किलोमीटरवरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज जाऊन येऊन, एकटीनं, मोठ्या रस्त्यावरून. तिला गाडी हवी होती आणि साधीसुधी नको होती. सहा गिअरची, मॅन्युअल, स्पोर्टी. आता तिला गाडी शिकवली मामांनीच, त्यामुळे ती कशी चालवते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चढावर गाडी हमखास बंद पाडायची. क्लच असा सोडायची की शेजारच्याची मान मोडावी. ही पोरगी ट्रकांच्या गर्दीत एकटी जाणार, या विचारानं मामांचा जीव टांगणीला लागला होता.

दोन महिने घरात तेच भांडण. शेवटी ठरलं की गाडी मामा बघणार. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर विषय बंद.

जाहिरात धाकटीनंच फोनवर शोधली. पिवळीधमक गाडी होती.

विकणारे गृहस्थ चष्मेवाले होते. पुढच्या खोलीत चष्म्यांचं दुकान, मागे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्या माणसाचा मामांना आधीच संशय.

मामांची एक रीत आहे. जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटला हात लावायचा. गिऱ्हाईक यायच्या आत लोक इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे थंड इंजिनची कुरकुर ऐकू येत नाही.

बॉनेट गार होतं. चला, इथे तरी लबाडी नाही.

मग त्यांनी दार उघडलं, आत वाकले आणि गिअरच्या मुठीवर हात ठेवला...

मूठ कोमट होती.

कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखी. शेडमध्ये उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. दार तर मामांनीच उघडलं होतं.

"आत्ता कुणी बसलं होतं का आत?" मामांनी विचारलं.

"नाही हो. मला गाडी येत नाही. सायकलही धड येत नाही."

"मग ही गाडी कुणाची?"

"मुलीची."

"त्या कुठे आहेत?"

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला.

"असते इथेच," ते म्हणाले.

झालं. मामांच्या डोक्यात किडा वळवळला. पोरगी घर सोडून गेली असणार, नाहीतर कागदांत घोळ असणार. त्यांनी कागद मागितले. गाडी चष्मेवाल्यांच्याच नावावर, सगळं स्वच्छ. मामांनी खिशातलं लोहचुंबक काढून सगळ्या पत्र्यावरून फिरवलं, कुठे पोचा बुजवायला आत लांबीची पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. तेल चांगलं. टायर सारखे झिजलेले. दुसरा कुणी खूश झाला असता. मामा उलट जास्तच बिथरले, कारण इतकी धडधाकट गाडी विकायला काढतं कोण?

"एक चक्कर मारून बघतो," त्यांनी चावीसाठी हात पुढे केला.

चावी काही हातात पडली नाही.

"रोज चालवणार ती तुमची मुलगी ना? मग तिनंच चालवावी. माझी तेवढी एकच अट आहे."

मामांच्या लेखी याचा अर्थ सरळ होता. जाणत्या पायाला क्लचची खोड लगेच कळते, नवख्याला कळत नाही. म्हणजे पाणी क्लचमध्येच मुरतंय. ठीक आहे, त्यांनी मनात म्हटलं, पाय तिचे असू देत, कान तर माझे आहेत.

धाकटी बसली. ती बुटकी. कुठल्याही गाडीत बसली की सीट पुढे ओढ, खाली उशी घे, असा पाच मिनिटांचा कार्यक्रम असतो.

त्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. सीट अगदी तिच्या मापाची होती.

मामा शेजारी बसले. चष्मेवाले मागे, मामांच्या पाठीशी, म्हणजे चालवणारी त्यांना नीट दिसेल असे.

गाडी निघाली. हिसका नाही, काही नाही. पहिला, दुसरा, तिसरा. मामा कान टवकारून बसले होते. गिअरबॉक्स गुळगुळीत होता. पुढे चढ आला, चढावर सिग्नल. मामांनी सवयीनं दाराची मूठ घट्ट धरली.

हिरवा दिवा लागला.

गाडी इंचभर मागे आली नाही. अलगद पुढे सरकली.

"बाबा, लोण्यासारखी आहे," धाकटी खुशीत म्हणाली.

मामांना आनंद व्हायला हवा होता. पण सहा महिने शिकवून जे जमलं नाही ते या पोरीला सहा मिनिटांत कसं जमलं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. शिकवताना लागलेली सवय, त्यांची नजर आपसूक तिच्या डाव्या पायाकडे गेली...

पाय स्वस्थ होता. क्लचच्या बाजूला, टाच टेकवून.

आणि क्लचचं पॅडल... खाली जात होतं.

पूर्ण खाली गेलं. धाकटीनं गिअर टाकला. पॅडल सावकाश वर आलं, एखादा मुरलेला ड्रायव्हर सोडतो तसं.

मामांनी डोळे चोळले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

मागून अगदी हलका आवाज आला...

"हं... आता सोड... हळू... शाबास."

मामांनी वळून पाहिलं. चष्मेवाले पुढे झुकले होते. धाकटीच्या तोंडाकडे ते बघतच नव्हते. त्यांची नजर खाली, पॅडलवर होती. डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"गाडी बाजूला घे," मामा म्हणाले.

"का? चांगली चाललीय की."

"घे म्हणतो ना."

खरं सांगायचं तर तोपर्यंतही मामांना भीती वाटली नव्हती. त्यांना फक्त राग आला होता. पायांनी अधू असलेल्या माणसांसाठी क्लचला मोटर बसवून मिळते. मामांनी स्वतः चार-पाच गाड्यांना बसवली आहे. तसलीच भानगड इथे असणार आणि म्हाताऱ्यानं ती लपवली, असा त्यांचा हिशेब. ते उतरले, गुडघ्यावर बसले आणि फोनची बॅटरी लावून डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

साधी क्लचची केबल होती. दुसरं काही नव्हतं. मोटर नाही, जास्तीची एक वायर नाही.

"तू क्लच दाबत होतीस ना?" त्यांनी विचारलं.

"मग काय तुम्ही दाबत होता?" धाकटी हसली. तिला खरंच वाटत होतं की तीच दाबत होती.

तेव्हा मात्र मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यांनी चष्मेवाल्यांना गाडीपासून लांब, एका बंद दुकानाच्या पायरीशी नेलं.

"ही गाडी किती दिवस विकायला आहे?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षांत कुणीच घेतली नाही?"

"बऱ्याच जणांना हवी होती. मीच दिली नाही."

"मग जाहिरात कशाला देता?"

चष्मेवाल्यांनी वळून गाडीकडे पाहिलं.

"मला चालवता येत नाही ना," ते म्हणाले. "कुणाची तरी मुलगी येते, चालवते. तेवढा वेळ मी मागे बसतो. नेहमी होतंच असं नाही. गेले वर्षभर तर एकदाही झालं नव्हतं... आज फार मनापासून चालवत होती हो."

"कोण?" मामांनी विचारलं.

चष्मेवाले गाडीकडे चालू लागले.

मामांनी धाकटीला मागे बसवलं, चावी घेतली आणि परतीला गाडी स्वतः चालवली. क्लच जड होता, कुठल्याही क्लचसारखा. पॅडल आपण दाबलं तरच खाली जात होतं. मुठीला हात लावला तर थंडगार. मघाशी त्या गाडीत चौथं माणूस असल्यासारखं भरलेलं काहीतरी होतं, ते आता नव्हतं. मामांना ते नक्की सांगता येत नाही, पण गाडी रिकामी झाली होती असंच ते म्हणतात.

चष्मेवाल्यांनाही ते कळलं असावं. शेड आली तरी ते उतरले नाहीत. पुढच्या सीटच्या पाठीवर हात फिरवत बसून राहिले.

"गाडी नको," मामा म्हणाले.

धाकटी आता घर डोक्यावर घेणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. दोन महिने भांडली होती ती.

"बरं, नको तर नको," ती म्हणाली. ते दोघे जिच्यातून आले होते त्या मामांच्या जुन्या व्हॅनकडे गेली आणि चालवायला बसली.

घरापर्यंतच्या वाटेत तीन चढ आहेत. व्हॅन एकदाही बंद पडली नाही. मामा सगळा वेळ तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. पाय पॅडलवरच होता, तिचाच होता, आणि अगदी सराईत होता.

मामांनी एका ओळखीच्या माणसाकडून साधी, वापरलेली गाडी घेऊन दिली. धाकटी कामावर जाऊ लागली. जो तो तिची तारीफ करी. मामी म्हणायची, आता तरी पोरीवर विश्वास ठेवा. मामांना ते खटकत होतं, पण बोलणार काय? पोरगी चांगली गाडी चालवते ही काय तक्रार झाली?

दीड महिन्यानं चष्मेवाल्यांचा फोन आला.

"गाडी देऊन टाकली मी," ते म्हणाले. "आता ठेवून तरी काय करू? शेडमध्ये जातो तर नुसता पत्रा वाटतो. तुमची मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे," मामा म्हणाले.

"गाडी नीट चालवते?"

"हो."



"एक सांगू का... डावीकडे वळताना आरसा बघायचा तिला फार कंटाळा. मी कानीकपाळी ओरडलो, पण ऐकलं नाही. तेवढं सांगत चला तिला."

मामांनी फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण धाकटीला क्लच जमत नव्हता, पण आरसे मात्र ती चुकवत नसे. शिकायला लागली त्या दिवसापासून, वळण लहान असो की मोठं, आधी आरसा. तेवढ्या एका गोष्टीवर मामांचा तिच्यावर भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी निमित्त काढून ते तिच्या शेजारी बसले.

पहिलं डावं वळण आलं...

धाकटीनं आरशाकडे पाहिलंच नाही. सरळ वळली.

मामांनी हँडब्रेक खेचला. गाडी कर्कश ओरडून थांबली. डाव्या दारापासून हातभर अंतरावर एक सायकलवाली बाई दोन्ही पाय टेकून उभी होती, पांढरीफटक पडलेली.

"आरसा," मामा म्हणाले. "आरसा का नाही बघितलास?"

धाकटीनं त्यांच्याकडे जरा नवलानंच पाहिलं.

"मी कुठे कधी बघते, बाबा?"

हे सगळं मामांनी मला मागच्या महिन्यात सांगितलं. मामीला अजून काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मामा, तिला एकदा सरळ विचारा ना. ते म्हणाले, आणि उत्तर आलं तर?

गॅरेज आता दुपारनंतर उघडतं. सकाळी मामा धाकटीबरोबर साठ किलोमीटर जातात आणि बसनं परत येतात. संध्याकाळी पुन्हा जातात. एकदा मीही मागे बसून गेलो होतो. दर डाव्या वळणाच्या आधी मामा म्हणत होते, "आरसा बघ, बाळ." ती बघत होती.

धाकटी शेजारीच बसलेली असते. पण मामा ते फार मोठ्यानं म्हणतात, चालवणाऱ्या दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.