खलबत्त्याआडचा श्वास

या पानावरच्या तुमच्या सगळ्या गोष्टी मी वाचते. बहुतेकांची भुतं रात्री येतात. माझ्या घरात जे घडलं ते भर दुपारी घडलं, घरात चौदा बायका असताना. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी एक शब्दही वाढवून सांगत नाहीये.

आम्ही इजिप्तमधल्या दुमियातचे. गल्लीत घराघराखाली सुतारकामाचा कारखाना, तसा आमच्याही. खाली माझा नवरा बयूमी आणि धाकटा दीर सब्री यांची आरायंत्रं. मधल्या मजल्यावर सासूबाई, हज्जा तफीदा. वर समोरासमोर आम्ही दोघी जावा. मी इन्शिराह, आणि धाकटी रावया.

सकाळी आठला यंत्रं सुरू झाली की एकच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. आम्हाला त्याची सवय आहे.

माझी मुलगी नवारा एकोणीस दिवस जगली.

तिच्या श्वासाला आवाज होता. आत घेताना... खर्र. पुन्हा... खर्र. आणि तिसऱ्याला बारीकसं... हुं. कुणी तिला गोष्ट सांगतंय आणि ती हुंकार देतेय असं वाटायचं.

"आजोबांवर गेलीय, आतापासून घोरते," हज्जा म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे.

एकोणिसाव्या दिवशी अकरा वाजता मी तिला पाळण्यात निजवलं आणि भेंडी निवडायला बसले. खाली यंत्रं चालू होती.

एक वाजता ती बंद झाली. घर शांत झालं.

फारच शांत...

याहून जास्त मला सांगवत नाही.

आमच्याकडे मूल झालं की बाईचं नाव बदलतं. एकोणीस दिवस मी उम्म नवारा होते, नवाराची आई. त्यानंतर पुन्हा नुसती इन्शिराह.

चार वर्षांनी रावयाला मुलगा झाला. याहिया.

खोटं कशाला बोलू? मी जळले. हज्जा तिच्यासाठी कबुतरं शिजवायची आणि जिना चढून स्वतः नेऊन द्यायची. "उम्म याहिया, ऊठ, गरम आहे तोवर खा." माझ्या दारावरून जाताना तो वास माझ्या घरात शिरायचा. मला चार घास कुणी विचारले नाहीत.

पण खरा चटका बसला तो बयूमीचा. त्यानं माळ्यावरचा पाळणा काढला. नवाराचा पाळणा. तीन दिवस बसून तो घासला, पॉलिश केला आणि समोरच्या घरात नेऊन ठेवला.

"मला विचारलंस?" मी म्हटलं.

"तू हो म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले."

"बरं, आता तर गेला ना," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

चौथ्या दिवशी एक वाजता यंत्रं बंद झाली. मी भांडी घासत होते.

समोरच्या घरातून आवाज आला... खर्र.

माझा हात थांबला.

पुन्हा... खर्र.

मी हुंकाराची वाट पाहिली. तो आला नाही. हा याहियाचा स्वतःचा श्वास होता.

मी ओल्या हातांनीच गेले. पोर दूध पिताना धापा टाकत होतं. श्वास घेताना त्याच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती.

"याला डॉक्टरकडे ने," मी रावयाला म्हटलं. "आजच ने."

रावयानं हज्जाकडे पाहिलं.

"लहान मुलं असे आवाज करतातच," हज्जा म्हणाली. "तू आपली नजर त्याच्यावरून काढ, म्हणजे झालं."

मी तरी त्याला उचललं आणि पालथा हातावर घेतला. आवाज निम्म्यावर आला. पोर माझ्या हातावरच निजलं.

रावयाचा चेहरा उतरला. "माझ्याकडे दिवसभर रडतो आणि तुमच्याकडे गप्प? काय करता तुम्ही त्याला?" तिनं त्याला जवळजवळ ओढून घेतलं. तिलाही हेवा वाटू शकतो हे पाहून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी हज्जानं बजावलं. जिचं मूल गेलंय तिनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, चाळीस दिवस.

सातव्या दिवशी सुबू होता, बाळाचा सोहळा. खोलीत मेणबत्त्या, मीठ उधळणं, शेजारणी, सगळं. बाळाला मोठ्या चाळणीत निजवतात, आई त्याच्यावरून सात वेळा ओलांडते आणि कानाशी पितळी खलबत्ता कुटतात. पोर पुढे आवाजाला घाबरू नये म्हणून.

मला रावयाच्या स्वयंपाकघरात बसवलं होतं, बायकांसाठी 'मुगात' नावाचा प्रकार ढवळायला. तुपातलं ते दाट पेय सतत ढवळावं लागतं, नाहीतर खाली लागतं. मधलं दार बंद होतं.

ठण... ठण... ठण...

"आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस," हज्जा ओरडत होती. "आजीचं ऐक, आत्याचं ऐकू नकोस." बायका हसत होत्या, जिभा हलवून आनंदाची किलकारी देत होत्या.

त्या गोंगाटात मला माझ्या पळीचाही आवाज येत नव्हता.

आणि तरी ऐकू आलं...

खर्र.

अगदी स्पष्ट. बंद दाराकडून नाही.

खर्र.

माझ्या पाठीमागून, तांदळाच्या पोत्यांकडून.

...हुं.

पळी हातातच राहिली. मी मान वळवली नाही, वळवता आली नाही. दुधाचा आंबूस वास आला, तान्ह्या मुलाच्या गळ्याच्या वळीत असतो तसा.

खर्र... खर्र... हुं.

खर्र...

आणि थांबला.

कसं कळलं ते विचारू नका. पण त्याच क्षणी मला कळलं की आतला श्वासही थांबलाय. खलबत्ता चालूच होता. किलकारी चालूच होती. चौदा जणींपैकी कुणालाच पत्ता नव्हता. फक्त मला होता.

आता जे सांगते ते मी बयूमीलाही सांगितलेलं नाही.

मी धावले नाही. मी मोजलं.

एक. कळू दे रावयाला.

दोन. कळू दे हज्जाला, घोरणं म्हणजे काय असतं ते.

तीन.

चार...

आणि माझा झगा कुणीतरी ओढला.

खालून, गुडघ्याच्या जरा वर. चार वर्षांच्या मुलाचा हात पोहोचतो तिथे.

मी दार ढकललं. चाळणीत याहिया उताणा होता, ओठ जांभळे. मी त्याला उचलून पालथा हातावर टाकला आणि पाठ चोळायला लागले. रावया किंचाळली. हज्जानं हातातला बत्ता माझ्या खांद्यावर हाणला. ते हाड अजून थंडीत दुखतं.

मग सगळ्यांचं लक्ष पोराच्या ओठांकडे गेलं. खोली चिडीचूप झाली.

खर्र.

"श्वास घेतोय," कुणीतरी म्हणालं. बायका रडू लागल्या.

खर्र...

...हुं.

तो हुंकार त्याचा नव्हता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. नाकातून बारीक नळी घालून तिनं गळा पाहिला. स्वरयंत्रावरचा भाग फार मऊ आहे, म्हणाली, दर श्वासाला आत ओढला जातो आणि वाट बंद होते. बहुतेक मुलं वर्षा-दीड वर्षात आपोआप बरी होतात, थोड्यांना छोटी शस्त्रक्रिया लागते. याच्यावर लक्ष ठेवू.

"इतके दिवस आवाज येत होता," ती म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाला वेगळं वाटलं नाही?"

हज्जानं मान खाली घातली. रावया माझ्याकडे बघत राहिली.

मी विचारलं, "अशा बाळाला वेळेत आणलं तर वाचतं?"

"बहुतेक वेळा वाचतं," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले.

त्यानंतर रावयाचं दार मला कधी बंद नव्हतं. रोज एक वाजता, यंत्रं थांबली की, मी जाऊन याहियाला मांडीवर घ्यायचे आणि ऐकायचे. खर्र, खर्र, हुं.

"हे शेवटचं 'हुं' आधी नव्हतं," रावया एकदा म्हणाली.

"मोठा होतोय," मी म्हटलं.

रोज तासभर माझी मुलगी मला मिळायची. उरलेले तेवीस तास ती रावयाकडे असायची. तुम्हाला वाटेल माझा हेवा संपला असेल. तो दुप्पट झाला. माझ्या मुलीनं श्वास दिला तो त्यांच्या पोराला. मला तिनं काय दिलं?

चौदाव्या महिन्यात आवाज गेला. डॉक्टर म्हणाली होती तसाच, हळूहळू. घरात सरबत वाटलं. मी स्वयंपाकघरात नळ सोडला आणि रडून घेतलं.

याला नऊ वर्षं झाली. याहिया गल्लीभर फुटबॉल खेळतो, कुणाच्या बापाला आवरत नाही.

गेल्या शुक्रवारी रावयाला मुलगी झाली.

पाळणा पुन्हा खाली आला. या वेळी बयूमीनं विचारलं. मी हो म्हटलं.

रावया स्वतः माझ्या दारात आली, बाळंतीण असून. "उम्म नवारा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सुबूला तुम्ही चाळणीपाशी बसायचं. खलबत्ता कुणी कुटणार नाही. हज्जाही कबूल आहेत."

माझे डोळे भरून आले. मी बाळाला बघायला गेले. दुपारचा एक वाजला होता. यंत्रं नुकतीच थांबली होती.

मुलगी पाळण्यात निजली होती.

खर्र...

खर्र...

हुं.

"डॉक्टरला दाखवली," रावया म्हणाली. "थोडंसंच आहे म्हणे, भावासारखं. पण हिचा हुंकार पहिल्या दिवसापासून आहे, बघा."

मी बघितलं. माझी मुलगी माझ्याच पाळण्यात निजली होती आणि भूक लागली की ती रावयाला शोधणार होती.

उद्या दुपारी सुबू आहे. मी चाळणीपाशी बसणार आहे. श्वास थांबलाच, तर या वेळी मोजायचं नाही, असं मी दिवसभर स्वतःला बजावतेय.

कारण चार मोजताच माझा झगा ओढणारी उद्या स्वतःच त्या चाळणीत असेल.